मुकादमाची परवानगी आणि बाईचं 'लिहू नका'

पत्र

प्रिय ताई,

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. विषय ऊसतोड बायांचं आरोग्य आणि कर्ज. गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर, बीडकडच्या एका टोळीसोबत राहिले. मुकादम, म्हणजे टोळी जमवून कामावर आणणारे ठेकेदार, माझ्या मामांच्या ओळखीतले. त्यांनीच गाडीतून नेऊन सोडलं, कोपीची (पाचटाच्या झोपडीची) सोय केली. विभागाच्या छापील संमतीपत्रावर सगळ्या बायांनी सह्या-अंगठे दिले.

एका बाईशी माझं चांगलं जमलं. तिला इथे काकू म्हणते. एका रात्री भाकरी थापता थापता तिने सांगितलं की पिशवी (गर्भाशय) काढायला मुकादमाकडून पैसे घेतले, ते उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढले आणि ते फेडण्यात हा तिसरा हंगाम चाललाय. फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं, तिला ते माहीत होतं. मी निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, त्या दिवशीचं ते लिहू नका." मी "बरं" म्हटलं. आता गाइड म्हणतात, "अंगठा आहे ना? नाव बदल आणि लिही. प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण हेच आहे."

काकूची सून सोळा वर्षांची आहे आणि पोटुशी आहे. फिकट पडलीय पोरगी. गाइड म्हणतात, आपण निरीक्षक, तटस्थ राहायचं. शेजारच्या कोपीतल्या बाळाच्या औषधाला मी पाचशे रुपये दिले, त्यावरूनही बोलणी बसली. मुकादमांचा अधूनमधून फोन येतो, "काय काय सांगितलंय बायांनी, आम्हालाही वाचू द्या." आणि एका वाहिनीच्या पत्रकाराला काकूचा नंबर हवा आहे.

मी काय करू?

– एक संशोधक विद्यार्थिनी

(पत्र छापताना काही तपशील बदलले आहेत. कोणते, ते सांगणार नाही.)

उत्तर

तू लिहिलंस त्या क्रमाने उत्तर देत नाही. सून आधी.

ती अठराच्या आतली आहे आणि गरोदर आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळली त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची असते. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लग्न झालेलं आहे ही सबब सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर उरलेली नाही. डॉक्टरला सूट नाही, नर्सला नाही आणि पीएच.डी. करणारीलाही नाही. तुझ्या गाइडांनी 'तटस्थ राहा' म्हटलं तेव्हा हे त्यांच्या डोक्यात नसावं. निदान मी तसं धरून चालते.

आता यातली गाठ. तू कळवलंस तर काकूचा मुलगा अडकेल, लग्न लावून दिलं म्हणून काकूही अडकू शकते. जिने तुझ्यावर विश्वास टाकला तिच्याच दारात तुझ्यामुळे पोलीस येतील. दुसरीकडे, याच भीतीने अशा पोरींना कळा सुरू होईपर्यंत दवाखान्यात नेत नाहीत. पोरीचं रक्त किती आहे, बीपी किती आहे, हे कुणी बघितलेलंच नसतं. ही गाठ मला सोडवता येत असल्याचा आव मी आणणार नाही. पण तू काय करावंस ते सांगू शकते. एकटीने ठरवू नकोस आणि लांबणीवरही टाकू नकोस. मुलांच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला याच आठवड्यात भेट. १०९८ ही हेल्पलाइनही आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलेलं आहे, ते कसं मिळतं हे वकिलाकडून नीट समजून घे. गाइडांना आणि विभागप्रमुखांना ईमेल लिही, की ही माहिती मला कळली आहे आणि मी अमुक पावलं उचलते आहे. तोंडी सांगून ठेवलेलं पुढे कुणाला आठवत नाही. आणि काकूला अंधारात ठेवून काही करू नकोस. तिला समोर बसवून सांग की कायदा मला गप्प बसू देत नाही. आधी सांगितल्याने पोरीलाच धोका होईल, तिला कुठेतरी हलवतील, असं वाटलं तर मात्र क्रम बदलावा लागेल. ते वकिलाशी बोलूनच ठरव.

खरं तर हे तळावर पहिल्याच संध्याकाळी सांगायचं असतं: "तुमच्या पैशाचं, दुखण्याखुपण्याचं मी कुणाला सांगणार नाही, पण लहान पोरीच्या बाबतीत काही कळलं तर मला गप्प बसता येणार नाही." असं सांगितल्यावर काही बाया तुझ्याशी बोलणार नाहीत. न बोलोत. काय सांगायचं आणि काय झाकायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येईल. पुढच्या हंगामात जाशील तेव्हा सुरुवात इथून कर.

आता 'लिहू नका'.

माझ्या मते इथे विचार करण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तुझ्याच विभागाच्या फॉर्मवर, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या ओळीत, 'मी या संशोधनातून केव्हाही माघार घेऊ शकते' असं छापलेलं असणार. काकूने तेच केलं. ते तिने फॉर्मच्या भाषेत केलं नाही एवढंच. शिवाय तू "बरं" म्हणालीस. बीडच्या बाईला "बरं" म्हणजे शब्द दिला असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

अंगठ्याचं म्हणशील तर जरा तिच्या बाजूने बघ. या बाईने आयुष्यात अंगठा कुठे कुठे दिला असेल? उचल घेताना मुकादमाच्या वहीत, कधी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर. तिच्या जगात अंगठा म्हणजे देणं कबूल करणं. त्याच मुकादमाच्या गाडीतून एक शिकलेली मुलगी उतरते, 'सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून' अशी सुरुवात असलेला कागद पुढे धरते आणि शाईचा पॅड उघडते. आपण काय कबूल करतोय असं त्या बाईला वाटलं असेल? नको म्हणायची सोय आहे, हे तरी तिला कळलं असेल का? कागद परिशिष्टात जातो, परीक्षक पान उलटतात, विद्यापीठाच्या दृष्टीने नीतीचा विषय मिटतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत फार आधीच म्हणून ठेवलंय की संमती लेखीच हवी असं नाही, ती कशी घेतली हे बघा. आपल्याकडेही २००० साली मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. तुझ्या विषयाला ती थेट लागू आहेत. गाइडांच्या टेबलावर ठेवायला उपयोगी पडतील.

तर तिला परत भेट आणि 'ते' म्हणजे नक्की काय, एवढंच विचार. ऑपरेशनचं? कर्जाचं? की मुकादमाचं नाव? कदाचित तिला फक्त नवऱ्याने ऐकलेलं नको असेल. कदाचित सगळंच नको असेल. ती जेवढं काढ म्हणेल तेवढं काढ, आणि रेकॉर्डिंगही तिच्यासमोर पुसून टाक. मन वळवायला मात्र जाऊ नकोस. "काकू, पण तुमच्यासारख्या हजारो बायांसाठी" हे वाक्य तोंडात येईल, ते गिळ. ज्या माणसाला नाही म्हणायची सवयच लागू दिलेली नाही, त्याला दुसऱ्यांदा विचारणं ही जबरदस्तीच असते.

मुकादमांबद्दल तू सहज एक ओळ लिहिलीस, 'मामांच्या ओळखीतले'. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली.

कोयता म्हणजे नवरा-बायको, हे तुला सांगायला नको. हंगामाच्या आधी त्या जोडीने लाखाच्या घरातली उचल घेतलेली असते. मुकादमाने ती वरच्या वाहतूक ठेकेदाराकडून किंवा कारखान्याकडून आणलेली असते, म्हणजे तोही बांधलेला असतो. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा, खाड्याचा दंड, तो पुन्हा हिशोबात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तोड करूनही उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. या साखळीत ज्याच्या हातात वही आहे त्याने तुला तळावर आणलं. त्याची परवानगी तळावर उतरण्यापुरती. बायांनी तुला काय सांगावं याची परवानगी द्यायला तो कोण? आणि बायांच्या बाजूने बघितलं तर तू पहिल्या दिवसापासून 'मुकादमाची पाहुणी' आहेस. तरीही काकू बोलली. कुणासमोर बोलतोय याचा विसर पडला म्हणून, की धाडस करून, ते मला ठाऊक नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी 'लिहू नका' म्हणताना तिला वही नक्की आठवली असणार.

शिवाय भाकरी थापताना बोलली म्हणतेस, म्हणजे कोपीत किंवा कोपीच्या तोंडाशी. कोप्या किती अंतरावर असतात? पाचटाची आणि ताडपत्रीची भिंत, दाराला कडी नाही, शेजारच्या चुलीपाशी बसलेल्याला इकडचा खोकलाही ऐकू जातो. तू वहीत 'काकू' लिही नाहीतर 'क्र. ७' लिही, शेजारच्या तीन कोप्यांनी ते त्याच रात्री ऐकलेलं आहे. तळावर गुपित बोलायची जागाच नसते, आणि हे संशोधकाने आधीच ओळखायला हवं. अशा बोलण्यात तिथल्या तिथे विषय दुसरीकडे वळवणं आणि नंतर पाण्याला जाताना, वाढं (उसाचे शेंडे) विकायला जाताना, जिथे दोघीच असाल तिथे तिला वाटलं तर बोलू देणं, हे तुझ्या हातात होतं. पुढच्या वेळी असू दे. आणि वेळेचंही बघ. या बाया पहाटे तीन-चारला उठतात, दिवसभर मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहतात, रात्री गाडी आली की भरायला पुन्हा उठतात. आपली 'सखोल मुलाखत' बहुतेक वेळा त्यांच्या झोपेतून कापून घेतलेली असते. प्रबंधात पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात हे कुणी लिहीत नाही. तू लिही.

आता गाइडांचा मुख्य मुद्दा, नाव बदलणं.

नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या मध्याला आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. शेतावर एकटे पडलेले अविवाहित पुरुष, मानसिक आजार, कुटुंबातले ताण. १९७९ साली पुस्तक आलं, गाजलं, पुरस्कार मिळाला. गावाला त्यांनी टोपणनाव दिलं होतं, माणसांची नावं बदलली होती. बाहेरच्या वाचकाला कुणी कळलं नाही. पण गावाने पुस्तक वाचलं आणि पानापानावर एकमेकांना ओळखलं. ज्या गोष्टी गावात सगळ्यांना माहीत होत्या पण कुणी कुणाच्या तोंडावर बोलत नव्हतं, त्या आता छापील होत्या. वीस वर्षांनी, १९९९ साली, बाई पुन्हा त्या गावात राहायला गेल्या तेव्हा लोकांनी त्यांना निघून जायला सांगितलं. एक तक्रार अशी होती की तुम्ही आमचं सगळं वाईट तेवढं लिहिलंत, आमच्यातलं चांगलं तुम्हाला दिसलंच नाही का? बाईंनी स्वतःच हे सगळं नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मला त्यांचं ते नंतरचं लिखाण मूळ पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं.

तुझी टोळी त्या खेड्याहून कितीतरी लहान. पिशवी काढलेली, तिसरा हंगाम फेडणारी, सोळा वर्षांची सून असलेली बाई त्या टोळीत एकच आहे. नाव सुमन लिही की सखू, मुकादमाला एका परिच्छेदात कळेल. तो प्रबंध वाचणार नाही असं समजू नकोस. तो आत्ताच मागतोय. आणि प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतात, वाहिन्यांवाल्यांना सापडतात, व्हॉट्सअॅपवर फिरतात.

एखादीला लपवायचं तर नावाबरोबर जुळण्याही मोडाव्या लागतात. ऑपरेशनचं वर्ष, मुलांची संख्या, सुनेचं वय, तालुका, कारखाना, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस उभा राहतो. जे तुझ्या मुद्द्याला लागत नाही ते काढ किंवा बदल, आणि बदललंय हे प्रस्तावनेत सांग. जे मुद्द्याला लागतं ते बदलता येत नाही, तिथे तो प्रसंगच सोडावा लागतो. काही जण चार बायांची एक बाई करतात. तशी केल्याचं उघड सांगितलं तर माझी हरकत नाही. न सांगता केली तर ती कथा झाली.

गाइडांना वाटतं प्रकरण काकूवर उभं आहे. मला तसं वाटत नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातात हे सिद्ध करायची जबाबदारी काकूच्या डोक्यावर कशाला? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली होती. त्यांतल्या १३ हजार ८००हून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. हे जाहीर आकडे आहेत. तुझ्याकडे नवीन आहे ते ऑपरेशनचा खर्च उचलीत कसा चढतो हे. ते दाखवायला बाईचं दुखणं उघडं करायची गरज नाही. उचलीच्या हिशोबात कोणकोणते खर्च घातले जातात, दवाखान्याचा, लग्नाचा, मयताचा, हे टोळ्या बदलून, गावं बदलून विचार. मुकादमांनाही विचार. त्यातले काही जुने, धंदा सोडलेले मुकादम मोकळेपणाने बोलतात. असं प्रकरण काकूच्या एका रात्रीच्या बोलण्यापेक्षा जास्त भक्कम होईल. मेहनत मात्र जास्त. गाइडांना नको आहे ती बहुधा मेहनत आणि मुदतवाढ.

सुनेबद्दल लिहिताना आणखी एक सांभाळ. 'या समाजात बालविवाहाची प्रथा आहे' असं वाक्य फार पटकन कागदावर उतरतं. इंग्रजांच्या काळात अशीच वाक्यं लिहिली गेली, जातीजमातींच्या पोथ्या तयार झाल्या. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्माने चोर ठरल्या. कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात, अजूनही. अभ्यासकाचं वाक्य पुढे पोलिसाच्या नोंदीत जाऊन बसतं. तुझ्या तळावर पोरींची लग्नं लवकर का होतात? सहा महिने आईबाप फडावर, पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, सोबत आणली तर तळावर ना संडास ना आडोसा, आणि लग्न लावलं की पोराचा अर्धा कोयता पूर्ण होतो, जोडीची उचल मिळते. यात प्रथा किती आणि उसाचं अर्थशास्त्र किती, ते तू तोलून लिही. नाहीतर साखरेचा धंदा सुटेल आणि जात तेवढी अडकेल.

वह्या आणि रेकॉर्डिंगचं. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायचं जे कायदेशीर संरक्षण आहे ते संशोधकाला आपल्याकडे नाही. बाहेरही फार भरवसा नाही. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माणसांच्या मुलाखती २००१ पासून काही वर्षं घेतल्या. तुम्ही जिवंत आहात तोवर कुणाला ऐकवणार नाही, असा शब्द होता. २०११ साली ब्रिटिश पोलिसांनी अमेरिकन न्यायालयामार्फत मागणी केली आणि अखेर काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्याच. तेव्हा 'कुणालाच कळणार नाही' असं वचन देऊ नकोस, 'माझ्याकडून होईल तेवढं जपेन' म्हण आणि खरोखर जप. खरी नावं आणि खुणांची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या घरात. फोन बघ. रेकॉर्डिंग आपोआप कुठल्या खात्यात चढतंय आणि ते खाते घरात आणखी कुणाच्या फोनवर उघडं आहे? मामांकडचा वायफाय, भावाचा जुना टॅब, असलं काहीतरी निघतंच.

पाचशे रुपयांवरून बोलणी खाल्लीस त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. बाळ आजारी होतं, औषध आणलंस, बरं केलंस. डायरीत लिही, प्रबंधातही लिही, लपवू नकोस. माहितीच्या बदल्यात पैसे वेगळे. आणि मुलाखतीपायी कुणाचा अर्धा दिवस बुडणार असेल तर त्याची भरपाई सगळ्यांना सारखी, सगळ्यांना सांगून. एकीला गुपचूप दिलेल्या पैशाने टोळीत भांडण लागतं, ते तू गेल्यावर त्यांना निस्तरावं लागतं.

पत्रकाराला नंबर नाही. नावही नाही, गावही नाही. त्याचा विषय महत्त्वाचा असेल, तोही चांगला असेल, तरी नाही. त्याला स्वतःला तळावर जाऊ दे, स्वतःची ओळख सांगू दे.

मुकादमांना सरळ सांग: "विद्यापीठाचा नियम आहे, कुणाचंही बोलणं दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. तुमचंही कुणाला दाखवणार नाही." शेवटचं वाक्य विसरू नकोस, त्याने अर्धा प्रश्न सुटतो. तरी ते मामांना फोन करतील. मामांना आजच सांगून ठेव, की या विषयावर त्यांना काही माहीत नाही आणि तू त्यांना काही सांगितलेलं नाहीस. नातेवाइकांच्या ओळखीने फील्डमध्ये गेलं की ही एक बाजू कायम उघडी राहते. तू उद्या नोकरीला लागशील. काकूला पुढच्या दसऱ्याला त्याच माणसाकडून उचल घ्यायची आहे.

गाइडांशी वाद घालू नकोस, लिहून कळव. 'सहभागी व्यक्तीने अमुक तारखेला संमती मागे घेतली, म्हणून ती मुलाखत वापरत नाही.' एवढंच. संमती मागे घेतल्यावरही वापर, असं कुठलाही गाइड ईमेलवर लिहून देणार नाही. तोंडी दबाव चालूच राहिला तर विभागाच्या संशोधन समितीकडे जायची तयारी ठेव. संस्थेत नैतिकता समिती असेल तर तिच्याकडे. दोन महिने जातील, संबंध ताणले जातील. जाऊ देत.

आणि परत जाऊन सांगणं हा भाग तुझ्या पत्रात नव्हता, म्हणून मीच काढते. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांना कंटाळून २०१७ साली स्वतःचीच आचारसंहिता केली. आमच्याकडे यायचं तर आदराने या, खरं बोला, आणि आमच्या पदरातही काही पडू द्या, अशा अर्थाची. आपल्या टोळ्यांना अशी संहिता करायला सवड नाही. पण लिहून झालेलं त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवणं तुला जमेल. इंग्रजी प्रबंधाचा मराठी सारांशही नको, बसून सांग. कुणी म्हणेल हे चुकीचं आहे, कुणी म्हणेल हे काढ, कुणी म्हणेल खाड्याचं नीट लिहिलं नाही. त्यातून प्रकरण सुधारेल.

सुनेसाठी लगेच निघ. वकिलाला भेटल्यावर काकूलाही त्याच फेरीत भेट, 'लिहू नका'चं बोलणं तेव्हाच उरक. फोन करू नकोस, फोन नवऱ्याकडे असतो. मुकादमाच्या गावातून, मामांच्या गाडीतून जाऊ नकोस, एसटीने जा. बाजाराच्या दिवशी किंवा गावातल्या आशा सेविकेच्या घरी भेट, तिच्या दारात जाऊन बसू नकोस. बाकी बायांना वाचून दाखवायला पावसाळ्यात जा. तेव्हा बाया गावात असतात, खुरपणीला जातात, संध्याकाळी जरा मोकळ्या असतात. पोळ्यानंतर उशीर होईल. उचलीची बोलणी सुरू झाली की मुकादम दिवसाआड दारात येऊन बसलेला असतो.